घरी पाठवणारे रुग्णालय

‘कणा मोडणे’ हा शब्दप्रयोग आपण मराठीत सर्रास वापरतो. लागोपाठच्या दुष्काळांनी शेतकऱ्याचा कणा मोडतो, गिरण्या बंद पडल्या की कामगार वस्तीचा कणा मोडतो. कणा मोडला म्हणजे सारे संपले, असा अर्थ त्यात गृहीतच असतो. हा झाला भाषेतला कणा. माणसाच्या पाठीचा खराखुरा कणा मोडला आणि आतल्या मज्जारज्जूला इजा झाली, तर काय होते? विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत या प्रश्नाचे उत्तरही जवळजवळ तेच होते. असा रुग्ण काही आठवड्यांत, फार तर दोन-तीन वर्षांत दगावणार, हे डॉक्टर धरूनच चालत.

आज योग्य शुश्रूषा मिळाली, तर असा माणूस अनेक दशके जगतो. तो शिकतो, नोकरी करतो, संसार करतो. पण यातली खरी आश्चर्याची गोष्ट पुढेच आहे. तुटलेला मज्जारज्जू पुन्हा जोडण्याचा खात्रीचा उपाय तेव्हाही नव्हता आणि आजही नाही. मग मधल्या काळात बदलले काय? हे समजून घेण्यासाठी आपण इंग्लंडमधील एका रुग्णालयाचा इतिहास पाहू या. लंडनच्या वायव्येला सुमारे साठ किलोमीटरवर एल्सबरी हे गाव आहे. त्याच्या शेजारी स्टोक मँडव्हिल नावाचे खेडे आहे. हे रुग्णालय तिथले.

कणा आणि मज्जारज्जू

प्रथम थोडे शरीरशास्त्र. कणा आणि मज्जारज्जू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कणा हा मण्यांचा बनलेला असतो. या मण्यांच्या मधल्या पोकळीतून मेंदूपासून कमरेपर्यंत एक दोरीसारखा भाग खाली येतो. त्याची जाडी करंगळीएवढी आणि लांबी सुमारे पंचेचाळीस सेंटिमीटर असते. हाच मज्जारज्जू. त्यातून चेतातंतूंच्या ३१ जोड्या बाहेर पडतात आणि शरीरभर पसरतात. हात उचलण्याची आज्ञा वरून खाली जाते, पायाला काटा टोचल्याची बातमी खालून वर येते. दोन्हींचा रस्ता हाच.

हा रस्ता ज्या पातळीवर तुटतो, त्या पातळीच्या खालचा भाग मेंदूपासून वेगळा पडतो. इजा पाठीच्या मधल्या किंवा खालच्या भागात असेल, तर पाय लुळे पडतात. मानेत असेल, तर हातही जातात. मानेत फार वर असेल, तर श्वासपटलाची हालचालच थांबते. हालचालीबरोबर स्पर्श, वेदना, ऊन-थंडी यांची जाणीवही जाते. लघवी आणि शौच यांवरचा ताबा सुटतो. बोटातला चेतातंतू कापला गेला, तर तो हळूहळू पुन्हा वाढू शकतो. मज्जारज्जूतील तंतूंची अशी उपयोगी वाढ होत नाही.

पण एक गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. इजा श्वसनावर घाला घालण्याइतकी वर नसेल, तर हृदय, फुप्फुसे, पचनसंस्था आणि मेंदू आपापले काम करीतच असतात. मग असे रुग्ण मरत कशाने होते?

साडेतीन हजार वर्षांचा निकाल

प्राचीन इजिप्तमधील एक पपायरस एडविन स्मिथ याच्या नावाने ओळखला जातो. ही प्रत इसवी सनापूर्वी सुमारे १६०० मधली असून मूळ मजकूर त्याहून जुना असावा, असे मानतात. त्यात इजांची ४८ प्रकरणे आहेत. मानेचा मणका निखळलेल्या माणसाचे वर्णन त्यात अचूक आहे. त्याला हातापायांची शुद्ध नसते, लघवी आपोआप गळत राहते, असे वैद्याने नोंदवले आहे. शेवटी निकाल दिला आहे, की या दुखण्यावर उपचार करू नयेत. पुढच्या साडेतीन हजार वर्षांत या निकालात फारसा फरक पडला नाही. पहिल्या महायुद्धात मज्जारज्जूला इजा झालेल्या सैनिकांपैकी पाचातले सुमारे चार दगावले.

मृत्यूची मुख्य कारणे दोन होती. पहिले कारण शय्याव्रण, म्हणजे अंथरुणाला खिळून झालेल्या जखमा. दुसरे कारण मूत्रमार्गातील जंतुसंसर्ग.

पहिले कारण वर्गात सहज दाखवता येते. एका हाताच्या अंगठ्याचे नख दुसऱ्या हाताच्या बोटाने दाबून पाहा. नखाखालचा गुलाबी भाग पांढरा पडतो. सोडले, की पुन्हा गुलाबी होतो. केशवाहिन्यांमधील रक्ताचा दाब पाऱ्याच्या सुमारे तीस मिलिमीटर एवढाच असतो. बाहेरून त्याहून जास्त दाब पडला, की तेथले रक्त हटते. आता विद्यार्थ्यांना लाकडी बाकावर दहा मिनिटे अजिबात न हलता बसायला सांगा आणि कोण किती वेळा हलले, ते शेजाऱ्याला मोजायला सांगा. जवळजवळ प्रत्येक जण नकळत चुळबूळ करतो. बैठकीखाली रक्त पोहोचेनासे झाले, की अवघडल्याची सूचना मेंदूकडे जाते आणि आपण अंग हलवतो. झोपेतही आपण असेच कुशी बदलत असतो.

मज्जारज्जू तुटलेल्या माणसाला ही सूचना मिळत नाही आणि मिळाली असती, तरी त्याला हलता आले नसते. काही तासांत माकडहाड, खुबे आणि टाचा यांवरची त्वचा रक्ताविना मरू लागते. मग जखम हाडापर्यंत खोल जाते, तिच्यात जंतू शिरतात आणि विष रक्तात भिनते. दुसरीकडे मूत्राशय रिकामे होत नाही. साचलेल्या लघवीत जंतू वाढतात आणि संसर्ग मूत्रपिंडांपर्यंत पोहोचतो. थोडक्यात, रुग्ण मज्जारज्जूच्या इजेने मरत नव्हता. इजेनंतर घडणाऱ्या आणि टाळता येण्याजोग्या गोष्टींनी मरत होता. हा भेद ज्यांनी ओळखला, त्यांच्यात अमेरिकेतील डोनाल्ड मन्रो हे अग्रणी होते. त्यांनी १९३६ मध्ये बॉस्टन येथे अशा रुग्णांसाठी स्वतंत्र विभाग सुरू केला. स्टोक मँडव्हिलला हे काम फार मोठ्या प्रमाणावर झाले. ते करणारे डॉक्टर होते लुडविग गुटमान.

निर्वासित डॉक्टर

गुटमान यांचा जन्म १८९९ साली त्या वेळच्या जर्मनीतील आणि आजच्या पोलंडमधील सायलेशिया प्रांतात एका ज्यू कुटुंबात झाला. हा कोळशाच्या खाणींचा मुलूख. १९१७ मध्ये अठराव्या वर्षी ते खाणकामगारांच्या अपघात-रुग्णालयात स्वयंसेवक म्हणून काम करीत होते. तेथे पाठ मोडलेला एक धट्टाकट्टा खाणकामगार आला. त्याची टिपणे लिहायला बसलेल्या गुटमान यांना वरिष्ठांनी सुचवले, की एवढे कष्ट घेऊ नका, हा थोड्याच आठवड्यांचा सोबती आहे. पाच आठवड्यांनी तो खरोखरच जंतुदोषाने वारला. हे प्रकरण आपल्या मनातून कधीच गेले नाही, असे गुटमान पुढे सांगत.

पुढे ते ब्रेस्लाऊ शहरात नामवंत चेताशल्यविशारद झाले. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले आणि ज्यू डॉक्टरांना सरकारी रुग्णालयांतून काढून टाकण्यात आले. गुटमान ज्यूंच्या रुग्णालयात काम करू लागले. नोव्हेंबर १९३८ मध्ये ज्यूंवर देशभर हल्ले झाले. त्या रात्री दाराशी येईल त्याला, दुखणे न विचारता, दाखल करून घेण्याचा हुकूम त्यांनी दिला आणि छळछावणीत जाणाऱ्या अनेकांना वाचवले. १९३९ मध्ये पत्नी आणि दोन मुलांसह ते इंग्लंडमध्ये निर्वासित म्हणून आले. ऑक्सफर्डला त्यांना संशोधनाचे काम मिळाले.

दुसऱ्या महायुद्धात फ्रान्सच्या किनाऱ्यावर मोठी चढाई करण्याची तयारी दोस्त राष्ट्रांनी सुरू केली, तेव्हा पाठीला जखमी झालेले सैनिक मोठ्या संख्येने येणार, हे ब्रिटिश सरकारला दिसत होते. त्यांच्यासाठी खास विभाग काढायचे ठरले आणि त्याची जबाबदारी गुटमान यांना विचारण्यात आली. अशा रुग्णांचे काहीच होत नाही, अशी समजूत असल्याने या कामाला फारसे कोणी उत्सुक नव्हते. आपल्या पद्धतीने काम करू दिले, तरच येईन, या अटीवर गुटमान यांनी होकार दिला. १ फेब्रुवारी १९४४ रोजी युद्धकाळातल्या बैठ्या बराकींमध्ये हा विभाग सुरू झाला. खाटा होत्या सुमारे पंचवीस.

दर दोन तासांनी

काही सैनिक प्लास्टरच्या साच्यात जखडलेल्या अवस्थेत येत. मोडलेला कणा स्थिर ठेवण्याची ती पद्धत होती. पण त्या कठीण साच्याखालीच जखमा होत असत. गुटमान यांनी साचे काढून टाकले. रुग्णाला उशांच्या आधाराने निजवायचे आणि दर दोन तासांनी कूस बदलायची, असा नियम केला. हा नियम दिवसा होता, रात्री होता, रविवारीही होता. त्यासाठी तीन-चार माणसांनी एकाच वेळी, कण्याला पीळ न बसेल अशा बेताने रुग्णाला वळवावे लागे. प्रत्येक वेळी त्वचा तपासायची आणि लाली दिसली, तर त्या जागेवर भार पडू द्यायचा नाही. नियम पाळला जातो की नाही, हे पाहण्यासाठी गुटमान रात्रीही वॉर्डात येत. आधीच खोल जखमा घेऊन आलेल्यांना रक्त देऊन आणि प्रथिनयुक्त आहार देऊन त्या भरून आणल्या जात.

मूत्राशयाचा प्रश्न असाच चिकाटीने हाताळला गेला. त्या काळी पोटाला छिद्र पाडून किंवा कायमची नळी बसवून लघवी काढत. शरीरात कायम राहिलेली नळी म्हणजे जंतूंना उघडे दार. गुटमान यांच्या विभागात ठरावीक तासांनी निर्जंतुक नळी घालायची, मूत्राशय रिकामे करायचे आणि नळी काढून घ्यायची, अशी पद्धत रूढ झाली. हे काम हलके न मानता डॉक्टरांनी स्वतः करायचे, असा त्यांचा आग्रह होता. १९६६ मध्ये त्यांनी आणि डॉ. हान्स फ्रँकेल यांनी ४७६ रुग्णांचा या पद्धतीचा अनुभव प्रसिद्ध केला. पुढे १९७२ मध्ये अमेरिकेतील जॅक लॅपिडेस यांनी दाखवून दिले, की घरी रुग्णाने स्वतः स्वच्छ हातांनी आणि स्वच्छ नळीने हे केले, तरी चालते. मूत्राशय वेळच्या वेळी रिकामे होणे सर्वांत महत्त्वाचे. या शोधामुळे रुग्ण रुग्णालयापासून खऱ्या अर्थाने सुटा झाला.

शुश्रूषेतून नवे विज्ञानही हाती आले. इजा छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत असलेल्या रुग्णाचे मूत्राशय तुंबले, की त्याला त्याची जाणीव होत नाही, पण त्याचा रक्तदाब एकाएकी धोकादायक वाढतो, डोके ठणकते आणि चेहऱ्यावर घाम फुटतो. गुटमान आणि शरीरक्रियाशास्त्रज्ञ डेव्हिड व्हिटरिज यांनी १९४७ मध्ये ही प्रतिक्रिया मोजून प्रसिद्ध केली. इजेखालचा मज्जारज्जू मेंदूपासून तुटला, तरी निष्क्रिय होत नाही, स्वतःच्या पातळीवर प्रतिक्षेप देत राहतो, हे त्यातून स्पष्ट झाले.

पेनिसिलीन याच सुमारास उपलब्ध झाले, हे खरेच. त्याचा मोठा आधार झाला. पण रक्तच पोहोचत नाही अशा त्वचेत औषध तरी कसे पोहोचणार? कूस बदलण्याला पर्याय नव्हता.

जगले, पुढे काय?

माणसे जगू लागली आणि नवा प्रश्न उभा राहिला. वीस-बावीस वर्षांच्या तरुणांनी पुढची चाळीस वर्षे करायचे काय? तोवरचे उत्तर होते अपंग सैनिकांची निवासगृहे. लंडनजवळ रिचमंड येथे ‘स्टार अँड गार्टर’ नावाचे असे निवासगृह १९१६ पासून होते. तेथे राहणाऱ्यांची काळजी घेतली जाई. पण तिथला मुक्काम बहुधा आयुष्यभराचा असे. गुटमान यांचे म्हणणे वेगळे होते. दीर्घकाळ सांभाळणे हे रुग्णालयाचे शेवटचे ध्येय असू नये, रुग्ण कर भरणारा नागरिक म्हणून घरी परत गेला पाहिजे. त्यांच्या विभागात रुग्ण बसू लागताच त्याला सुतारकाम, घड्याळदुरुस्ती, टंकलेखन अशा कामांना लावत. शिस्त कडक होती. काही रुग्णांना तिचा रागही येई. तेच रुग्ण त्यांना ‘पॉपा’, म्हणजे बाबा, म्हणत.

खेळ आले ते याच विचारातून. चाकाच्या खुर्चीत बसणाऱ्याचे हात, खांदे आणि पाठीचा वरचा भाग बळकट लागतो. खुर्चीतून पलंगावर सरकायचे, तर सारे शरीर हातांवर तोलावे लागते. तासन्‌तास डंबेल्स उचलण्याचा कंटाळा येतो, खेळाचा येत नाही. सुरुवातीला चाकाच्या खुर्च्यांवरून काठ्यांनी पोलो खेळून पाहिला, पण तो फार आडदांड ठरला. मग जाळीत चेंडू टाकण्याचे खेळ आणि तिरंदाजी आली. तिरंदाजीत खांद्यांना आणि धडाला व्यायाम होतो, शिवाय खुर्चीतला माणूस धडधाकट माणसाशी बरोबरीने स्पर्धा करू शकतो.

२९ जुलै १९४८ रोजी लंडनमध्ये ऑलिंपिकचे उद्घाटन झाले. त्याच दिवशी स्टोक मँडव्हिलच्या हिरवळीवर तिरंदाजीची स्पर्धा भरली. एका बाजूला तिथले रुग्ण, दुसऱ्या बाजूला स्टार अँड गार्टरचे रहिवासी. एकूण सोळा स्पर्धक, त्यांत दोन स्त्रिया. १९५२ मध्ये हॉलंडचे खेळाडू आले आणि स्पर्धा आंतरराष्ट्रीय झाली. १९६० मध्ये रोमला ऑलिंपिकपाठोपाठ ती भरली, तेव्हा वीसहून अधिक देशांतील खेळाडू आले होते. तीच आज पहिली पॅरालिंपिक मानली जाते. गुटमान १९८० मध्ये वारले. २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकपासून या स्पर्धेची ज्योत स्टोक मँडव्हिललाच प्रज्वलित करण्याची प्रथा सुरू झाली आहे.

या साखळीचे एक टोक महाराष्ट्रात आहे. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर लष्करात होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांना कायमचे अपंगत्व आले. १९७२ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथील पॅरालिंपिकमध्ये त्यांनी ५० मीटर मुक्त शैलीचे अंतर ३७.३३ सेकंदांत पोहून भारताला पहिले पॅरालिंपिक सुवर्णपदक मिळवून दिले. त्यांना पद्मश्री मिळाली ती २०१८ मध्ये. मुंबईत हाजीअलीजवळची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ पासून आणि पुण्यात खडकीचे पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र १९७४ पासून याच क्षेत्रात काम करीत आहे.

जिद्द आणि व्यवस्था

अशा कथा सांगताना आपण ‘जिद्द’ हा शब्द हमखास वापरतो. जिद्द लागतेच. परंतु १९१७ मधल्या त्या खाणकामगाराकडे जिद्द नव्हती, असे म्हणायला आपल्यापाशी काहीच आधार नाही. त्याच्याकडे नव्हते, ते रात्री दोन वाजता येऊन त्याची कूस बदलणारे कोणी. स्टोक मँडव्हिलचा इतिहास हा मुख्यतः अशा साध्या कामांच्या काटेकोर व्यवस्थेचा इतिहास आहे. आणि ही व्यवस्था अजून सर्वत्र पोहोचलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या अहवालानुसार जगात दरवर्षी अडीच ते पाच लाख लोकांच्या मज्जारज्जूला इजा होते. अशा व्यक्तींना अकाली मृत्यूचा धोका इतरांच्या दोन ते पाचपट असतो आणि गरीब देशांत तो अधिक असतो. म्हणजे १९४४ पूर्वी लोक ज्या कारणांनी मरत, त्याच टाळता येण्याजोग्या कारणांनी आजही अनेक जण मरत आहेत.

आपल्याकडे झाडावरून, गच्चीवरून, बांधकामाच्या परातीवरून पडणे आणि दुचाकीचे अपघात ही नेहमीची कारणे आहेत. म्हणून शाळेत एवढे तरी शिकवायलाच हवे. पडलेल्या माणसाची मान किंवा पाठ दुखत असेल, हातपाय बधिर वाटत असतील, तर त्याला उठवून बसवू नये, काखेत आणि पायांना धरून झोळीसारखे उचलू नये, रिक्षात दुमडून कोंबू नये. रुग्णवाहिका बोलवावी आणि तोवर डोके-मान सरळ रेषेत स्थिर धरून ठेवावी. हलवणे अगदीच भाग असेल, तर चार-पाच जणांनी मिळून, डोके, मान आणि धड एका रेषेत ठेवून, ओंडक्यासारखे एकदम वळवावे आणि फळीवर घ्यावे. मणका मोडलेला असूनही मज्जारज्जू शाबूत असू शकतो. घाईने उचलताना त्याला इजा होते.

आणि जे वाचले, घरी आले, त्यांचे काय? गुटमान रुग्णाला घराच्या दारापर्यंत आणून सोडत. दारातली पायरी ही मात्र आपली जबाबदारी आहे. चाकाच्या खुर्चीसाठी उताराचे प्रमाण एकास बारा असावे, असे मानक आहे. म्हणजे पंधरा सेंटिमीटर उंचीच्या पायरीसाठी एक मीटर ऐंशी सेंटिमीटर लांबीचा उतार लागतो. आपल्या शाळेच्या प्रवेशद्वाराशी, स्वच्छतागृहाशी आणि प्रयोगशाळेशी किती पायऱ्या आहेत, त्यांची उंची किती आणि त्यासाठी उतार किती लांबीचा लागेल, हे विद्यार्थ्यांना मोजायला सांगावे. गणिताचा तास कारणी लागेल. आकडे हाती आल्यावर ते मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवावेत.